चिंगीचा पंखा

१

माणूस आपल्या घराबद्दल काय वाट्टेल ते सांगेल, पण त्याच्या लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ खोटं बोलत नाही, असं या मेकॅनिकचं ठाम मत होतं. सोळा वर्षं तो एका अरुंद दुकानात बसून लोकांची मशीन उघडत होता. पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर सगळं घर ओढतो. मांजराचे केस निघाले की तो विचारायचा, मांजर कीबोर्डवर झोपतं ना? पीठ निघालं की ओळखायचा, मशीन स्वयंपाकघरात असतं. एकदा एका एकट्या राहणाऱ्या प्राध्यापकांच्या पंख्यातून बायकांच्या ड्रेसवरची चमकी निघाली होती. त्याने ती गुपचूप फुंकून टाकली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायको त्याला धूळपंडित म्हणायची.

त्याचा आणखी एक नियम होता. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर बिघाड. डोळ्यांदेखत दोनदा बिघडल्याशिवाय तो कुठल्याही मशीनला दोष द्यायचा नाही. या नियमाने त्याला आजवर कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

एका सकाळी टायपिंगवाल्या बाई आल्या. त्या घरी बसून रेकॉर्डिंग ऐकायच्या आणि टाइप करून द्यायच्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. मशीन चालू केलं की दहा मिनिटांत तापतं आणि पंखा असा ओरडतो की कानात हेडफोन घालूनही रेकॉर्डिंग ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मशीन सहा वर्षांचं होतं, एकदाही उघडलेलं नव्हतं. बॅटरी केव्हाच गेली होती, चार्जर लावूनच चालायचं. मेकॅनिक मनात म्हणाला, धुळीचा गठ्ठा असणार, पंधरा मिनिटांचं काम. बाईंना स्टुलावर बसवून त्याने स्क्रू काढायला घेतले. एका स्क्रूवर कंपनीचं सील जसंच्या तसं होतं. ते फोडून त्याने खालचं झाकण उचललं.

आत धूळ नव्हती.

कमी नव्हे, नव्हतीच. पंख्याची पाती काल कारखान्यातून आल्यासारखी काळीभोर चमकत होती. जाळीच्या फटींतून पलीकडचं दिसत होतं. त्याने कापसाचा बोळा फिरवला, तो पांढराच्या पांढरा वर आला. सोळा वर्षांत त्याने असं मशीन पाहिलं नव्हतं. सहा वर्षं हा पंखा फिरला आणि त्याने काहीच ओढलं नाही, याचा अर्थ त्याला लावता येईना.

घर फार स्वच्छ दिसतंय तुमचं, असं तो हसत म्हणाला. बाई हसल्या नाहीत. घरात झाडायला काही निघतच नाही, असं त्यांनी साधेपणाने सांगितलं.

२

मग त्याने पुस्तकातले सगळे उपाय केले. आत लपून चालणारा एखादा प्रोग्रॅम आहे का ते पाहिलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पंख्याच्या दांडीला तेलाचा थेंब दिला. मशीन दुकानातल्या टेबलावर दुपारभर चालवलं. हाताला जेमतेम कोमट लागत होतं आणि पंख्याचा आवाज रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकूही येत नव्हता. बाई समाधानाने घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्या पायरीवर उभ्या होत्या. घरी गेल्यावर पुन्हा तेच.

मेकॅनिकने त्यांना गिऱ्हाइकांना द्यायचं ठरीव व्याख्यान दिलं. मशीन गादीवर ठेवू नका, उशीवर ठेवू नका, खाली हवा खेळली पाहिजे. बाईंनी ऐकून घेतलं. मशीन लाकडी स्टुलावर असतं, आईंच्या कॉटशेजारी, चारी बाजू मोकळ्या. खिडक्याही उघड्या असतात, पण वारं म्हणून नसतं आमच्याकडे, असं त्या म्हणाल्या. या आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या.

दोनदा बिघाड झाला होता, पण त्याच्या डोळ्यांदेखत एकदाही नाही. दुकानात ते मशीन शहाण्या पोरासारखं वागायचं. तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. काम वेळेवर गेलं नाही तर ते दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. पण त्यांना त्याची काळजी दिसत नव्हती.

"मला बाकी काही नको," त्या म्हणाल्या. "तेवढा तो आवाज थांबवा. तो सुरू झाला की आईंना दम लागल्यासारखं होतं. मला कळेनासं होतं, ओरडतोय पंखा की आई."

मेकॅनिकला त्यांची कणव आली. पंखाच बदलू या, असं त्याने ठरवलं. पण त्या मॉडेलचे पंखे कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलं होतं, बॅटऱ्याही. चार ठिकाणी फोन करून झाले. आणि मग त्याला आठवलं की अगदी तेच मॉडेल त्याच्या स्वतःच्या घरात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणत तो दुपारी जेवायला घरी गेला.

ते मशीन त्याच्या लेकीच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, स्क्रीन फुटून दोन वर्षं पडलं होतं. लेक नऊ वर्षांची. घरात सगळे तिला चिंगी म्हणायचे. ती त्या मशीनला तपासणीचं यंत्र करून बाहुल्यांचा दवाखाना चालवायची, त्यामुळे विचारल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, की एका आजींच्या घरचं मशीन आहे, त्याला श्वास घेता येत नाहीये, देऊ या का त्याला तुझा पंखा?

चिंगीने ओठ पुढे काढून विचार केला. "दे," ती म्हणाली. "पण माझा आहे म्हणून सांग त्यांना."

पंखा निघाला तो बायकोच्या लोकरीने माखलेला. बायको घरी स्वेटर विणून द्यायची, तेव्हा मोहरी रंगाची लोकर चालू होती. पात्यांवर ती मोहरी रंगाची लव आणि चिंगीच्या पेन्सिलींचा भुसा. एरवी त्याने दुसऱ्याच्या मशीनमध्ये जायचा पंखा ब्रशने, स्पिरिटने लख्ख केला असता. पण दुकानात बाई वाट पाहत बसल्या होत्या आणि घरचाच तर पंखा, म्हणून त्याने एक फुंकर मारली आणि तसाच बसवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

माझी लेक म्हणाली, तिचा आहे म्हणून सांगा, असं त्याने बाईंना गमतीने सांगितलं. बाईंनी ते गमतीने घेतलं नाही. त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि लक्षात ठेवायला हवं अशा आवाजात "तिचा," एवढंच म्हटलं.

३

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज अजिबात नाही, मशीन गार. किती उपकार मानू असं झालं होतं त्यांना. घरात पहिल्यांदाच वारं आल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. आई कूस बदलायला लागल्या.

घरी मात्र बायकोने त्याची थट्टा आरंभली. आज सूर्य पश्चिमेला उगवला का, तुम्ही चक्क घर पुसलंत? त्याने पुसलं नव्हतं. बायकोनेही नाही. पण कपाटांवर धूळ नव्हती, जळमटं नव्हती, सोफ्याखाली लोकरीचे बोळे नव्हते. त्या घरात लोकरीची लव पाण्याच्या पेल्यातसुद्धा सापडायची. आठवडा गेला तरी केरसुणीला काही लागेना. झाडायचं काम वाचलं म्हणून बायको खूश होती. मेकॅनिकने टीव्हीच्या मागे बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ आलं. त्याने ते पुन्हा फिरवलं, या खेपेला कपाटाच्या मागे. घर स्वच्छ आहे म्हणून माणूस घाबरतो का, असं म्हणून त्याने स्वतःलाच वेड्यात काढलं.

दारं हळूच लागायला लागली. आपटायची नाहीत, कुणीतरी झोपलंय म्हणून जपून ओढून घ्यावीत तशी लागायची. सगळी चिंगीच्या खोलीच्या दिशेने.

आणि मग चिंगीला धाप लागायला लागली. शाळेत ती धावायची, भांडायची, झाडावर चढायची. घरी आली की तासाभरात तिचे खांदे वर-खाली व्हायला लागायचे. मग खोकला. दोन छोटे ठसके आणि तिसरा लांबलेला, शेवटी बारीक शिटी वाजणारा. तो खोकला मेकॅनिकला इतका पाठ झाला की दुकानात बसल्या बसल्या ऐकू यायचा.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणाले. लोकरीची ॲलर्जी असेल, घरात धूळ होऊ देऊ नका. बायको म्हणाली, आमच्या घरात धूळच नाही हो. डॉक्टरांना त्याचं कौतुक वाटलं.

तरी बायकोने जुनी लोकर बांधून माळ्यावर टाकली आणि डॉक्टरांना दाखवून मऊ, न सुटणारी, पोपटी रंगाची नवी लोकर आणली. चिंगीचा खोकला वाढतच गेला. एकदा तिने बापाला विचारलं, "बाबा, मी श्वास घेते तो पुरत का नाही?" त्याने तिला मांडीवर घेतलं आणि तिची पाठ चोळत बसला. दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करणाऱ्या हातांना आपल्या लेकीचं काय बिघडलंय ते सापडत नव्हतं, याची त्याला लाज वाटत होती.

४

साप्ताहिक सुट्टीची दुपार होती. बायको चिंगीला घेऊन बाहेरच्या खोलीत पडली होती. मेकॅनिक चहाचा कप घेऊन दारात उभा होता आणि कपातून निघणारी वाफ वर जात नव्हती. ती आडवी होऊन चिंगीच्या खोलीकडे निघाली होती.

तो वाफेच्या मागे गेला. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद. फरशीवर पोपटी लोकरीचा बोटभर धागा होता. तो सरकत होता. थांबायचा, पुन्हा सरकायचा, पुन्हा थांबायचा. भिंतीपाशी तो उभा राहिला, कट्ट्यावर चढला आणि त्या फुटक्या मशीनच्या जाळीत शिरून नाहीसा झाला.

मेकॅनिकने कप खाली ठेवला. जाळीसमोर तळहात धरला. हात ओढला जात होता. जोर फारसा नव्हता, पण तालात होता. ओढ, विसावा, ओढ, विसावा. आत पंखा नव्हता. त्यानेच काढला होता. बॅटरी नव्हती, वायर नव्हती. त्याने मशीन उचलून हलवलं, उलटं केलं. रिकामं खोकं. बाहेरच्या खोलीतून चिंगीच्या धापा ऐकू येत होत्या आणि त्याच्या तळहाताला लागणारी ओढ त्याच तालात होती.

खिडकीच्या फटीतून वारा येत असेल, असं त्याच्यातला शहाणा माणूस म्हणाला. खिडकी बंद होती. मग भिंतीला भेग असेल. त्याने हत्यारांच्या पिशवीतून काळी टेप काढली आणि जाळीवर दोन थर चिकटवले. ओढ थांबली. चहाची वाफ सरळ झाली. तो सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच खिशातला फोन वाजला.

टायपिंगवाल्या बाई होत्या. पंखा पुन्हा ओरडायला लागलाय, म्हणाल्या, आत्ता, या मिनिटाला. त्यांच्या मागून ते ओरडणं ऐकू येत होतं. त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं, दुकानात ते झालंच नव्हतं. पंख्याचा आवाज असा नसतो. तो आवाज वर चढत गेला आणि त्याच क्षणी मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत टेपच्या मधोमध खळगा पडला. खळगा खोल झाला. टेप चट्कन आत गेली.

"अहो, थांबला," बाई फोनवर म्हणाल्या. "आपोआप थांबला बघा."

मेकॅनिकने विचारलं, मशीन घेऊन दुकानात येता का, फुकट तपासून देतो. बाई म्हणाल्या, आता आईंना सोडून निघता येत नाही, त्या उठून बसायला बघतात. तुम्हीच या ना घरी.

त्याने बायकोला एवढंच सांगितलं की चिंगीला हवापालट म्हणून मावशीकडे घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. मावशीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवी भरली. दोघी रिक्षात बसल्या. कोपरा वळायच्या आतच चिंगी नीट श्वास घ्यायला लागल्याचा बायकोचा फोन आला. मेकॅनिकला वाटलं, सुटलो. आता फक्त तो पंखा परत आणायचा.

५

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात मुलांचा दंगा, कुणाकडे तरी रेडिओ, खाली दुचाकी सुरू करण्याची खटपट. दार उघडून आत पाऊल टाकलं तसे ते सगळे आवाज दूर गेले. दार तर अजून उघडंच होतं.

खिडक्या उघड्या होत्या. पडदे भिंतीवर रंगवल्यासारखे निश्चल होते. बाहेर झाड वाऱ्याने हलताना दिसत होतं. टेबल, खुर्ची, घड्याळ, सगळं नवंकोरं, कशावर बोटाचा ठसाही नाही. मेकॅनिकला पहिल्या खोलीतच श्वास जड वाटायला लागला. मात्र आतल्या खोलीच्या दारातून झुळूक येत होती. त्या झुळकेला वास होता. ओली लोकर, पेन्सिलीचा भुसा आणि खोकल्याचं गुलाबी औषध. डोळे मिटले असते तर तो आपल्या घरात, चिंगीच्या खोलीत उभा होता.

आत कॉट होती. पायापासून डोक्यापर्यंत पांघरूण, भिंतीकडे तोंड. कॉटच्या उशाशी लाकडी स्टूल आणि स्टुलावर मशीन, गरम हवा बाहेर टाकणारी बाजू उशीकडे वळवलेली. त्या हवेने उशीवरची एक पांढरी बट हलत होती. हले, विसावे, हले, विसावे.

"आई, पंखेवाले आलेत," बाई म्हणाल्या.

आपण काय करायला आलोय ते त्याने बाईंना सांगितलं नाही. जरा साफ करतो, म्हणाला. त्याने बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. बाईंना म्हणाला, घरी मुलीला बरं नाही, लक्ष असू दे. पलीकडून मावशीच्या घरातला पसारा ऐकू येत होता. चिंगी मावसभावंडांशी पत्ते खेळत होती, बायको सांगत होती की रंग परत आलाय पोरीच्या चेहऱ्यावर. त्याला रडू फुटेल असं वाटलं. त्याने मशीन बंद केलं, चार्जरची पिन ओढली, झाकण उघडलं.

जाळी भरलेली होती. पोपटी लोकर. मोहरी नव्हे, पोपटी. पंखा त्याच्या घरातून निघाला तेव्हा ही लोकर तिथे आलेलीच नव्हती. तिच्यात काळ्या टेपच्या बारीक चिंध्या होत्या आणि एक लांब, कुरळा, तपकिरी केस. असे केस त्याच्या घरात एकाच माणसाचे होते.

आणि पंखा फिरत होता. मशीन बंद, चार्जर बाहेर, बॅटरी मेलेली.

"तो तसाच चालतो आताशा," बाई म्हणाल्या.

साफ करताना पातं फिरू नये म्हणून मेकॅनिक लोक त्यावर बोट ठेवतात. सोळा वर्षांत हजारदा ठेवलेलं बोट त्याने सवयीने ठेवलं. पाती थांबली.

फोनवर बायको काहीतरी सांगत होती. ती मध्येच थांबली. "चिंगे?" ती म्हणाली. "चिंगे, अगं, काय झालं? तोंड उघड. अहो, ही श्वास घेत नाहीये. अहो!"

त्याने बोट उचललं. पाती हलली नाहीत. त्याने नखाने टिचकी मारली, पातं दोन फेरे फिरलं आणि फोनवर उचकीसारखा एक श्वास ऐकू आला. पातं थांबलं. पलीकडे बायको लेकीचं नाव घेत राहिली. तो एका हाताने टिचक्या मारत होता, एकेका टिचकीला एकेक आचका ऐकत होता, आणि दुसऱ्या हाताने चार्जरची पिन शोधत होता. पिन बसली. दिवा लागला नाही. पिन सैल होती. त्याने ती हलवली, फिरवली, वर दाबली. दिवा लागला, गेला, लागला. त्याने बटण दाबलं. ते मशीन चालू व्हायला सात-आठ सेकंद घ्यायचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो टिचक्या मारत राहिला.

पंखा गरगरला. फोनवर चिंगीने लांब श्वास ओढला आणि ती रडायला लागली. बायकोही रडत होती. पाण्यात बुडून वर आल्यासारखी वाटत होती पोरगी, असं ती हुंदक्यांतून सांगत होती.

मेकॅनिकमधला शहाणा माणूस मात्र अजून बोलत होता. एकदा झालं, तो म्हणत होता. एकदा झालं तर योगायोग. पोरीला ठसका लागला असेल, तू बोट ठेवलंस तेव्हाच लागला असेल. नियम तुझाच आहे. अजून एकदा बोट ठेवून बघ, म्हणजे खात्री होईल.

त्याने बोटाकडे पाहिलं. मग तो हात त्याने मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

पांघरुणाखाली कुणीतरी खोकलं. दोन छोटे ठसके आणि तिसरा लांबलेला, शेवटी बारीक शिटी वाजणारा. पांघरूण भिंतीकडून त्याच्या बाजूला वळायला लागलं. उशीवर वळून आलेल्या चेहऱ्याचा त्याला गाल तेवढा दिसला. पांढऱ्या केसांखाली तो गाल लहान होता, फुगरा, धावून आल्यासारखा लाल. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली नाही.

६

झाकण त्याने पंखा चालू असतानाच लावलं. बाराच्या बारा स्क्रू बसवायला त्याला बराच वेळ लागला. लोकर काढली नाही, केसही नाही. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. ज्या पंख्यासाठी तो तीन जिने चढून आला होता, तोच तो स्वतःच्या हाताने तिथे पक्का करत होता. दुसरं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने पाय धरले असते.

"बाई," तो म्हणाला, "एक ऐका माझं. हे मशीन बंद करू नका. कधीच. मी हात जोडतो."

"मी कशाला बंद करते," बाई मायेने म्हणाल्या. "आईंना किती बरं वाटतंय. पण ती पिन तेवढी बघाल का? सैल बसते, धक्का लागला की निघते. पाच मिनिटांचं काम असेल ना?"

पाच मिनिटांचंच होतं. पण पिनेचं काम करायचं तर मशीन बंद करावं लागतं. बॅटरी असती तर गोष्ट वेगळी होती, आणि त्या मॉडेलच्या बॅटऱ्या मिळत नाहीत. त्याने पिनेभोवती काळी टेप गुंडाळली, तीन वेढे, वर आणखी दोन. मग टेपचं काय झालं होतं ते त्याला आठवलं. त्याने पिन बोटांत धरली आणि स्टुलाशेजारी फरशीवर मांडी घातली.

फोन अजून चालूच होता. चिंगी आता झोपलीय, बायको सांगत होती, श्वास एकसारखा चाललाय, तुम्ही लवकर या. "आलोच," तो म्हणाला. कॉटवर कुणीतरी शांत, एकसारखा श्वास घेत होतं. फोनवरही तोच ऐकू येत होता.

बाईंनी त्याला पाणी आणून दिलं. त्याने ते डाव्या हाताने घेतलं आणि विचारलं, इकडे लाइट जाते का?

"जाते अधूनमधून," बाई म्हणाल्या. "पण फार वेळ नाही हो. दहा-पंधरा मिनिटांत येते."